आयजमालचे शिंके

कामिशकोलच्या तळ्याकाठी मातीची पहिली ट्रॉली रिकामी झाली, तेव्हा आयजमाल कावूनखान्यात, म्हणजे खरबुजे टिकवायच्या मातीच्या कोठीत, शिडीवर चढून खरबूज टांगत होती. खाली तिचा नवरा मतचान शिडी धरून उभा होता. ट्रॅक्टर आला, गेला, पुन्हा आला. चौथ्या खेपेला ती वरूनच म्हणाली, "अहो, बघून या बरं, कुणाचं घर बांधतायत."

मतचान जाऊन आला. त्याने पुन्हा शिडी धरली. या माणसाला वाईट बातमी सांगायची झाली की आधी टोपी काढून डोके खाजवावे लागते. त्याने टोपी काढलेली तिने वरून पाहिली.

"बोला आता," ती म्हणाली.

"तळं बुजवणार म्हणे. कदमबाय तिथं कोल्ड स्टोरेज बांधतोय."

आयजमालने हातातले खरबूज आडव्या वाशाला टांगले, देठ वरच्या बाजूला आहे ना ते बोटाने चाचपले, शेजारच्या खरबुजापासून चार बोटे अंतर आहे ना तेही पाहिले, आणि मगच ती खाली उतरली. हातातले काम टाकून भांडायला धावणारी ती बाई नव्हे. भांडण कुठे पळून जात नाही, खरबूज मात्र पडले की फुटते.

तळ्याकाठी ढीग चांगला माणसाच्या उंचीएवढा झाला होता. पलीकडे पाणकणीस वाऱ्याने सळसळत होते. आयजमालने ढिगातली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. आमच्या खोरेझममध्ये माती अशीच पारखतात. इथल्या निम्म्या जमिनीत मीठ फुटते, त्या मातीची भिंत दोन हिवाळ्यांत ढासळते. ही माती खारी नव्हती. कुठून तरी लांबून, चांगल्या शेतातून आणलेली दिसत होती. "चांगली माती वाया घालवतोय मेला," एवढे म्हणून ती थुंकली आणि कदमबायच्या खरबुजांच्या पॅकिंग शेडकडे चालू लागली.

ही बाई कोण, ते आधी सांगायला हवे. आयजमाल एकोणिसाव्या वर्षी हझारास्पहून कामिशकोलला सून म्हणून आली. हझारास्प हे सफरचंदांचे गाव. तिथल्या पोरीला खरबूज खाता येते, टांगता येत नाही. सासरे रोझमत म्हणजे पंचक्रोशीतले पहिल्या नंबरचे शिंकेकरी. त्यांचा गुडघा निकामी झालेला, शिंक्यांसाठी पाणकणीस कापायला तळ्यात उतरता येत नव्हते. घरात दुसरे कुणी मोकळे नाही म्हणून त्यांनी नव्या सुनेला पाण्यात उतरवले. गावात कुजबुज झाली. सून चिखलात आणि सासरा काठावर बसून बोट दाखवतोय, हे काही कुणाला बरे वाटले नाही. पण तिसऱ्या वर्षी त्याच कुजबुजणाऱ्या घरांतून शिंक्यांसाठी माणसे तिच्या दारात येऊ लागली. आता ती एकसष्ट वर्षांची आहे. तिच्या बोटांना पाणकणसाच्या पातीने इतक्या वेळा कापले आहे की उर्गेंचच्या बँकेतले ते ठसे घेणारे यंत्र तिला ओळखतच नाही. त्याचे तिला फार कौतुक आहे.

शिंक्याचे काम असे. ऑगस्टच्या शेवटी तळ्यातले पाणकणीस कापायचे. पात सावलीत वाळवायची, उन्हात वाळवली तर ती कडक होते. विणायच्या दिवशी पहाटे पात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, कारण कोरडी पात वळत नाही, मोडते. मग खरबूज मांडीवर घ्यायचे आणि त्याच्याच अंगावर शिंके विणायचे. त्याला साचा नसतो. खरबूज तोच साचा. विणून झाले की ओलेच टांगायचे. कावूनखान्याच्या उत्तरेच्या झरोक्यातून वारा येतो, दोन-तीन दिवसांत पात वाळते, आकसते आणि खरबुजाला घट्ट धरून बसते. ऑक्टोबरात टांगलेले गुर्वाक जातीचे खरबूज कुणी नवख्याने तेव्हाच कापले तर तो म्हणेल ही काकडी आहे. तेच जानेवारीत कापा, घरभर वास सुटतो. मधले तीन महिने त्याला फक्त अंधार, वारा आणि शिंके एवढेच लागते.

कदमबाय हा आमच्याकडचा व्यापारी. माणूस वाईट नाही, हे आयजमालही मान्य करायची. त्याच्यामुळे कामिशकोलची खरबुजे ताश्कंदला पोहोचली, नाहीतर ती खिव्याच्या बाजारातच संपायची. पण त्याच्या शेडमध्ये प्रत्येक खरबुजाला फोमचा मोजा, त्यावर प्लास्टिकची जाळी, मग खोके, मग खोक्यावर पुन्हा प्लास्टिक. आमच्याकडे वारा बारा महिने. शेडमागचा कचरा वारा उचलायचा आणि गावाला वाटून द्यायचा. हिवाळ्यात तुतीच्या झाडांवर पान नसे, पण निळ्या जाळ्या असत. दर वसंतात पाट मोकळा करताना मतचान हुक लावलेल्या काठीने त्या ओढून काढायचा आणि मोजायचाही. मोजून काय करायचे ते त्याला ठाऊक नव्हते. एका वर्षी गाभण शेळी मेली, तिच्या पोटातून जाळीचा मूठभर गोळा निघाला. त्या दिवशी आयजमाल रडली. शेळीसाठी रडलीच, पण जास्त संतापाने रडली, कारण ती जाळी कदाचित तिच्या सुनेच्याच हातची असेल. इंतिझोर, तिची सून, कदमबायच्या शेडमध्ये पॅकिंगला होती आणि त्या कामात तिचा हात धरणारे कुणी नव्हते.

मग ती माती पडायच्या आधीच्या उन्हाळ्यात ताश्कंदहून मावजुदा आली. ती सात-आठ दुकानांच्या एका साखळीसाठी माल खरेदी करायची. खिव्यात ती जिथे उतरली होती, तिथल्या व्हरांड्यात आयजमालचे एक शिंके टांगलेले होते. ते पाहून ती विचारत विचारत थेट कावूनखान्यात आली. तिच्या दुकानांना मागे कचरा न ठेवणारी बांधणी हवी होती, आणि शहरात जो तो तिला काहीतरी नवीन शोधलेले दाखवत होता. इथे तर गोष्ट आधीपासून टांगलेलीच होती. कदमबायमार्फत तिने गोदामात ठेवून हिवाळ्यात विकायला चारशे खरबुजे मागवली, शिंक्यासकट, प्लास्टिकचा दोराही नको. आयजमालने सहा बायकांना हाताशी घेतले, चार दिवस अंगण ओल्या पातीने भरून गेले, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रक गेला.

ताश्कंदला खोकी उघडली तेव्हा आतून बुरशी बाहेर आली. शिंकी काळी पडलेली, त्याखाली खरबुजाची साल मऊ झालेली. मावजुदाने फोटो पाठवले. कदमबायने ते शेडमध्ये सगळ्यांना दाखवले, आयजमालला सोडून. तिला ते इंतिझोरकडून कळले. इंतिझोर सांगताना खाली बघत होती, जणू तिनेच बुरशी लावली होती. तेव्हापासून तीन आठवडे आयजमाल शेडकडे फिरकली नव्हती. लोक म्हणत होते, गवताची ती पात, प्लास्टिकची सर तिला कुठून येणार. ती ऐकून घेत होती आणि घरच्या खरबुजांना शिंकी विणत होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हीच पात, हेच हात, हेच खरबूज. कावूनखान्यात चाळीस वर्षांत एक बुरसले नाही आणि खोक्यात चारशे बुरसली.

तर मातीचा ढीग चाखून ती आता कदमबायच्या शेडमध्ये आली. कदमबाय खुर्चीतून उठला. रागावलेला असला तरी वयाने मोठी आपा आली की उठायची रीत त्याने मोडली नाही.

"आपा, मी तुम्हाला सांगायला येणारच होतो," तो म्हणाला. तळ्याची जमीन त्याच्याच ठेक्यात आहे. आजवर तिथे कुणी गवत कापले तर त्याने कधी अडवले नाही. आता शिंक्यांचा प्रयोग फसला, कोल्ड स्टोरेज झाले तर सगळ्या गावाचा माल टिकेल. माती आत्ता स्वस्तात मिळाली म्हणून आणून टाकली. जमीन गोठल्यावर मशीन चालत नाही, बुजवायचे काम थंडी सरल्यावर, फेब्रुवारीत. असे सगळे तो सांगत गेला आणि शेवटी म्हणाला, "शिंकी काय, दोन-चार तुम्ही कुठूनही गवत आणून विणालच की. हौसेपुरती."

हौसेपुरती हा शब्द तिला लागला. तिने विचारले, त्या ट्रकमधले एखादे खोके परत आले आहे का. कोपऱ्यात एक होते, दाखवायला म्हणून ठेवलेले. आयजमालने ते उघडले, आतले सुकलेले काळे शिंके उचलले आणि नाकाजवळ नेले. शेडमधल्या पोरींनी तोंडे वाकडी केली. ती मात्र पुन्हा पुन्हा वास घेत राहिली. मग तिने खोक्याच्या आतल्या कागदी भिंतीवरून बोट फिरवले. पुठ्ठा फुगून लाटेसारखा झाला होता.

"किती वाजता भरलीत ही खोकी?" तिने इंतिझोरला विचारले.

"त्याच दुपारी, एने. तुम्ही विणून पाठवत होता, आम्ही भरत होतो."

आयजमालने शिंके खाली ठेवले. तिला सगळे कळले होते, आणि कळल्यावर गप्प बसणे तिला जमत नसे, मग ते स्वतःच्या विरोधात का असेना. ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "चूक माझी आहे. पातीची नाही. आम्ही शिंकं ओलं विणतो आणि ओलंच टांगतो, कारण पुढचं काम वारा करतो. इथं वाराच नव्हता. मी चाळीस वर्षं वाऱ्याच्या जिवावर विणत आले आणि त्याला ट्रकमध्ये घ्यायलाच विसरले."

कदमबाय परत खुर्चीत टेकला. भांडणाची तयारी केलेल्या माणसापुढे समोरच्याने चूक कबूल केली की तो मोठाच अडचणीत येतो.

ती खुर्ची ओढून बसली. तिच्या कावूनखान्यात चारशे खरबुजे होती, बहुतेक टांगून झालेली. जानेवारीत ती गोड होतील, शिंकी तोवर खडखडीत वाळलेली असतील. तीच पाठवायची. खोक्यात नाही. ट्रकमध्ये आडवे वासे घालायचे आणि टांगून न्यायची.

"आपा, ट्रक म्हणजे काय तुमचा कावूनखाना आहे?"

"छप्पर आहे, चार भिंती आहेत. तुझ्या शेडपेक्षा बरा आहे."

शेडमध्ये हसू फुटले. कदमबायही हसला, आणि हसला म्हणून अर्धा हरला. आयजमालने तेवढ्यात सौदा मांडला. ट्रक नीट पोहोचला आणि मावजुदाने माल घेतला, तर तळे राहील. एक जरी खरबूज बुरसले, तर बुजवायच्या दिवशी ती स्वतः फावडे घेऊन येईल. कदमबायने तिच्यासमोरच मावजुदाला फोन लावला. मावजुदाने आधी खोकी नाहीत ना, ते दोनदा विचारले. मग म्हणाली की ठीक आहे, एकदाच, पण बुरशी निघाली तर पुन्हा तिला फोन करू नये.

घरी आल्यावर तिने मतचानला सांगितले. चारशे खरबुजे म्हणजे मतचानचे अख्खे वर्ष. बी त्याचे, पाणी त्याने रात्री पाळी लावून दिलेले, पाठ त्याची मोडलेली. तिने सौदा करताना त्याला विचारले नव्हते, आणि हे तिला वाटेतच आठवले होते. ती म्हणाली, "तुम्हाला न विचारता बोलून आले."

मतचानने टोपी काढली. पण त्याने फक्त टोपी झटकली आणि पुन्हा घातली. "वासे किती लागतील ते सांग," तो म्हणाला. "पॉप्लरचे आत्ताच तोडले तर जानेवारीपर्यंत वाळतील. नाहीतर पुन्हा ओल्याचीच गोष्ट."

त्या दिवशी तिला आपल्या नवऱ्याचा जितका अभिमान वाटला, तितका लग्नातही वाटला नव्हता. हे तिने त्याला सांगितले नाही. रात्री त्याच्या ताटलीत पिलोववर मांसाचा मोठा तुकडा ठेवला, त्याला समजायचे ते समजले.

जानेवारी उजाडला. उणे दहाची थंडी पडली. आता बुरशीची भीती संपली आणि गोठायची सुरू झाली. एगमनजर ड्रायव्हरचा ट्रक अंगणात लागला, तेव्हा घरातले सगळे लोकरीचे नमदे आणि बोरूच्या चटया बाहेर आल्या. ट्रकच्या आतल्या भिंतींना चटया, त्यावर नमदे, छताला वासे. आयजमाल टांगायला लागणार इतक्यात इंतिझोर आत चढली. तिने त्या दिवशी शेडमध्ये रजा टाकली होती, आणि ती कशासाठी ते कुणाला सांगितले नव्हते.

"एने, मागच्या चाकांच्या वर काही टांगू नका," ती म्हणाली. "आमची खोकी तिथलीच पहिली दबतात. तिथं पेंढा भरा. आणि शिंक्याची ही लोंबती शेपटी मोकळी ठेवलीत तर वळणावर एकमेकांवर आपटतील. वरच्याची शेपटी खालच्याच्या टांगायच्या कडीत बांधा, आणि सगळ्यात खालची तळाच्या वाशाला."

आयजमालने सुनेकडे पाहिले. पाच वर्षे ही पोरगी तिला सांगत होती की तुमच्या एका शिंक्याला लागतो तेवढ्या वेळात मी दहा जाळ्या चढवते, आणि पाच वर्षे ती मनात म्हणत होती, चढव बाई. पण ट्रकमध्ये माल कसा जगतो आणि कसा मरतो, हे हिच्याइतके घरात कुणाला ठाऊक नव्हते. "तू सांग, मी बांधते," आयजमाल म्हणाली. संध्याकाळपर्यंत दोघींनी चारशे खरबुजे वर-खाली बांधून लावली. हाताने ढकलली तर सगळी रांग एकदम हलायची आणि एकदम थांबायची, एकाला दुसऱ्याचा धक्का नाही.

आयजमाल ट्रकबरोबर जाणार हे कुणी ठरवले नव्हते. सकाळी ती रुमाल बांधून, नान आणि किटली घेऊन, पुढच्या सीटवर बसलेली सापडली. उशाला कोरड्या पातीची एक पेंडी. एगमनजरने दार उघडले आणि तिला पाहून पुन्हा लावले. मग दुसऱ्यांदा उघडले.

"आपा, तीस वर्षं ट्रक चालवतोय," तो म्हणाला. "पण प्रवासी छताला टांगून आणि मालकीण पुढं बसवून कधी गेलो नाही."

"मग आज शिक," ती म्हणाली.

दर तीन तासांनी ती त्याला ट्रक थांबवायला लावायची. मागे जाऊन दार फटीएवढे उघडायचे, हात आत घालून हवा चाचपायची, दोन-चार खरबुजांवर बोटाने टिचकी मारून ऐकायचे. एगमनजर म्हणाला, नवीन लग्न झालेल्यांचीसुद्धा इतकी काळजी कुणी करत नाही. ती म्हणाली, नवीन लग्न झालेले बुरसत नाहीत. किझिलकुमच्या वाळवंटात जिथे काँक्रीटचा रस्ता फुटलेला आहे, तिथे मागून धप्पकन आवाज आला. तिने त्याला सांगायची गरज पडली नाही, त्याने आपणहून ब्रेक मारला.

एका वाशाचे टोक खाचेतून निसटले होते. तीन खरबुजे खाली आली होती. दोन फुटली होती आणि तिसरे पेंढ्यावर पडून धड राहिले होते, पण त्याचे शिंके दोन ठिकाणी तुटले होते. आयजमाल मागे चढली. मतचानचे पॉप्लर, रोझमतांचे तळे, इंतिझोरची रजा, सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले. मग तिने उरलेल्या रांगांना एकेक करून हात लावला. सगळ्या जागच्या जागी होत्या. एगमनजरने दगडाने पाचर मारून वासा पक्का केला, आणि मग फुटलेल्या खरबुजाची फोड उचलून खायला बसला. दोन फोडी झाल्यावर तो म्हणाला की आपा, वाईट वाटून घेऊ नका, पण असे खरबूज मी जन्मात खाल्ले नाही.

"शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं," ती म्हणाली. पण तिला बरे वाटले. जानेवारीतल्या गुर्वाकचा वास ट्रकच्या मागे, त्या उजाड वाळवंटात, थंडीत पसरला होता.

तिसऱ्या खरबुजाला नवे शिंके हवे होते. पात होती, पाणी नव्हते. ट्रकच्या बाहेर टांगलेल्या प्यायच्या बाटलीत बर्फ झाला होता. तिने किटलीतला कोमट हिरवा चहा पातीवर ओतला, गोणपाटात गुंडाळला आणि अर्ध्या तासाने, ट्रक चालू असताना, मांडीवर खरबूज घेऊन विणायला लागली. विणून झाल्यावर एगमनजरने विचारले की थांबू का, मागे टांगून या.

"ओलं आहे ते," ती म्हणाली. "एकदा चुकले, दुसऱ्यांदा नाही."

आणि मग पुढचे सगळे अंतर, बुखारा, नवोई, समरकंद, तिने ते खरबूज मांडीवरच ठेवले. हीटरची ऊब लागत होती, ती मधून मधून ते फिरवत होती. जिझाखच्या पुढे शिंके वाळून घट्ट झाले, तरी तिने ते खाली ठेवले नाही. एगमनजर नंतर चहाच्या टपऱ्यांवर ही गोष्ट सांगायचा तेव्हा म्हणायचा की आपाला झोप लागली होती, पण हात सुटला नव्हता.

ताश्कंदला मावजुदा गोदामाच्या दारात उभी होती. बरोबर दोन माणसे, हातात रबरी मोजे. बुरशीला हात लावायच्या तयारीनेच ते आले होते. एगमनजरने मागचे दार उघडले. थंड हवेत आतून वास बाहेर आला आणि त्या दोन माणसांनी एकमेकांकडे पाहिले. मावजुदाने आत चढून पहिल्या रांगेचे शिंके दोन बोटांनी दाबले. कुरकुरीत वाजले. ती एकेक रांग बघत, वास घेत शेवटपर्यंत गेली. आयजमाल खाली उभी राहून तिच्या पावलांचा आवाज मोजत होती. पाऊल कुठे थांबते, एवढाच तिला घोर होता. ते कुठेच थांबले नाही.

मावजुदा खाली उतरली. म्हणाली, एक कापून बघायचे आहे, कुठले घेऊ. आयजमालने काखेतले खरबूज पुढे केले. "हे घे. याने सगळ्यात जास्त सोसलंय. हे चांगलं निघालं तर बाकीच्यांची काळजी नको."

सुरी आत गेली तशी साल कडकन आपोआप उकलली. मावजुदाने एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, मग त्या दोन माणसांना दिली. त्यांनी रबरी मोजे काढले. मावजुदा हातातले रिकामे शिंके उलटसुलट करून बघत होती. तिने हुंगले. "याला चहाचा वास का येतो?" तिने विचारले. एगमनजर तोंड भरलेले असताना सांगायला लागला, म्हणून ते कुणाला नीट कळले नाही.

मग तिने खरा प्रश्न विचारला. गिऱ्हाईक शिंके घरी नेणार, खरबूज खाणार, पुढे या शिंक्याचे काय. कुठल्या डब्यात टाकायचे, तसे लिहून चिठ्ठी लावावी लागेल का.

"टाकायचं कशाला?" आयजमालला प्रश्नच समजला नाही. "दुकानात परत आणून द्या. एगमनजर रिकामा ट्रक घेऊन येतोच ना इकडे? भिजवलं की सैल होतं, पुन्हा नवीन खरबुजावर विणते. तीन-चार वर्षं चालतं. अगदीच झिजलं तर तळ्याच्या काठाला चिखलात दाबते, तिथं पुढच्या वर्षी पात जोमानं येते."

मावजुदाने तिथेच उभ्या उभ्या पुढच्या हिवाळ्याची मागणी सांगितली. ती इतकी होती की एका कावूनखान्यात मावणार नव्हती. आयजमालने मान हलवली, जणू कुणी तिला संध्याकाळी दोन माणसे जास्त जेवायला येतील असे सांगितले होते. मग तिने एगमनजरचा फोन मागून घेतला आणि कदमबायला लावला.

पलीकडे कदमबायला बातमी आधीच मिळाली होती, मावजुदाने फोटो पाठवले होते. तो खुशीत होता, आणि थोडा ओशाळलाही होता. म्हणाला की आपा, मी शब्दाचा पक्का आहे, तळ्याला कुणी हात लावणार नाही. उद्याच ट्रॅक्टर बोलावून तो मातीचा ढीग हलवून टाकतो.

"हलवू नको," आयजमाल म्हणाली. "मी चाखली आहे ती. खारी नाही. मला भिंती घालायच्या आहेत."

वसंतात नवरूझच्या सणानंतर त्या ढिगातून दुसरा कावूनखाना उभा राहिला, तळ्याच्या काठावरच, उत्तरेला झरोका ठेवून. यंदा त्यात कदमबायची स्वतःच्या शेतातली खरबुजेही टांगली आहेत, आणि इंतिझोर तिथे सहा पोरींना वर-खाली बांधायला शिकवते. दार मात्र आयजमालने फार बुटके ठेवले आहे. कदमबाय अंगाने उंच, त्याला प्रत्येक वेळी कमरेत वाकूनच आत यावे लागते. हे तिने मुद्दाम केले की कसे, ते तिला अजून कुणी विचारलेले नाही.